अफू गहाळ आहे

१

"अफू गेली! अहो, अफू गेली!"

कोशकार्यालयाच्या जिन्यावर डॉक्टरबाईंनी पाऊल टाकलं आणि वरून हा आक्रोश कानावर आला. खाली छत्र्या दुरुस्त करणारा दुकानदार दचकला आणि हातातली काडी तशीच धरून वर बघत राहिला.

"घाबरू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इथे चोरी झाली तरी शब्दाचीच होते. दुसरं न्यायला आहे काय?"

बाईंनी सगळी हयात इस्पितळात भूलतज्ज्ञ म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंती मोजायच्या नव्हत्या, म्हणून आठवड्यातून एकदा इथे येऊन कोशातले वैद्यकीय शब्द तपासून द्यायच्या. कार्यालयात त्यांना पाठीमागे 'गुंगीबाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. माणसं शुद्धीतून जाताना आणि शुद्धीवर येताना इतकी पाहिली होती की जागेपणी खोटं बोलणारा माणूस त्यांना श्वासावरून कळे. खोटं बोलायच्या आधी माणूस श्वास धरतो, असं त्या म्हणायच्या.

वर सगळं कार्यालय एका कपाटाभोवती गोळा झालं होतं. सगळं म्हणजे चौघंजण. मुख्य संपादक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. संस्थेचे कार्यवाह, पूर्वीचे वकील, शब्द गोळा करण्यापेक्षा नियम गोळा करण्यात जास्त रमणारे. संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्या काकू. आणि सहसंपादक असलेली, वयाने सगळ्यांत लहान म्हणून 'शेंडेफळ' हे नाव चिकटलेली मुलगी. मघाचा आक्रोश काकूंचा होता. त्या अजून छातीवर हात ठेवून उभ्या होत्या.

कपाटाचा 'अफ'चा खण उघडा होता. 'अफवा' होती, 'अफाट' होता. त्यापुढची 'अफू' नव्हती.

गुंगीबाईंनी आधी आपली पिशवी ठेवली. भिंतीशी प्रत्येकाच्या नावाचा एकेक ट्रे होता, त्यात त्यांच्या ट्रेमध्ये एक चिठ्ठी पडली होती. त्यांनीच फार पूर्वी लिहून दिलेली, मॉर्फिन अफूपासून कसं काढतात त्याची. "नापास झाली वाटतं," त्या पुटपुटल्या आणि तिथेच ठेवून कपाटापाशी गेल्या.

कार्यवाह घसा साफ करून म्हणाले, "पहिला खंड उद्या छापायला जायचा आहे. आज दुपारी सभा आहे. त्या सभेत मी सहसंपादकांना कामावरून कमी करण्याचा ठराव मांडणार."

शेंडेफळ खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

२

या कार्यालयाची कामाची एक पद्धत होती आणि ती सरांनी घालून दिलेली होती. शब्द कुणालाही सापडो, त्याने तो चिठ्ठीवर लिहायचा. कुठे वाचला, कुठे ऐकला, कोणत्या अर्थाने. एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्यांची दोऱ्याने जुडी बांधायची. मग सर त्या वाचून अर्थ आणि मूळ ठरवायचे, ते मुख्य चिठ्ठीवर आपल्या हाताने लिहायचे आणि खाली लाखेचा शिक्का मारायचे. शिक्का पडला की नोंद बंद. मग ती कुणीही उघडायची नाही, खुद्द सरांनीही नाही. नंतर आलेल्या चिठ्ठ्या जुडीत बांधून ठेवायच्या, पण अर्थाला हात लावायचा नाही. काकूंनी मजकूर जुळवलेला असला तरी शिक्क्याची चिठ्ठी शेजारी ठेवून ताडून पाहिल्याशिवाय एक ओळ छापायला जात नसे. मुख्य चिठ्ठी गहाळ झाली, तरच नोंद नव्याने लिहायची मुभा होती.

नियम कडक वाटतो, पण त्याला कारण होतं. सुरुवातीच्या काळात विद्वान मंडळींनी 'अक्कल' या एका शब्दावर इतका घोळ घातला होता की कोश 'अ'मध्येच म्हातारा होणार असं वाटू लागलं होतं.

"आता तुम्हीच बघा," कार्यवाहांनी गुंगीबाईंना बाजूला घेतलं. "सरांनी अफूचं मूळ लिहिलंय 'अहिफेन'. म्हणजे सापाचा फेस. ही पोरगी म्हणते ते चूक आहे. काल त्यावरून केवढं भांडण झालं! सगळ्या मजल्याने ऐकलं. नोंद बंद, म्हणून तिचं काही चालेना. आणि आज सकाळी जुडीच गायब. म्हणजे नोंद नव्याने लिहायची. फायदा कुणाचा? सरळ आहे."

"फार सरळ आहे," गुंगीबाई म्हणाल्या. "मला इतकं सरळ काही दिसलं की भीती वाटते. सभेपर्यंत मला जरा विचारपूस करू द्या."

"करा की. पण ठराव मी मागे घेणार नाही."

बाईंनी मान हलवली. कोशाच्या कामातून चोरीच्या आळाने काढलेल्या माणसाला दुसऱ्या कोशाच्या दारात कुणी उभं करत नाही, हे त्यांना माहीत होतं. आणि या मुलीला दुसरं काही करायचंच नव्हतं.

३

शेंडेफळ खिडकीपाशी उभी होती. डोळे लाल, पण आवाज ताठ.

"मी नाही घेतली, डॉक्टरबाई."

"बस आधी. मला सांग, भांडण कशावरून?"

हा प्रश्न विचारायचाच अवकाश, मुलगी चोरीबिरी विसरली.

"अहो, अहिफेन हा नंतर चढवलेला पोशाख आहे! शब्द आपल्याकडे आला तो बाहेरून, व्यापाऱ्यांबरोबर. अरबीत अफ्यून. अरबांनी घेतला ग्रीकांकडून. तिथे 'ओपॉस' म्हणजे झाडाचा रस, चीक. त्याचंच छोटं रूप 'ओपिऑन'. हिरव्या बोंडाला चीर दिली की पांढरा चीक येतो ना, त्याचं नाव. बस, इतकंच! मग आपल्या पंडितांना वाटलं, परका शब्द कशाला, आपल्यातलाच वाटेल असं काही करू. अफ्यूनशी जुळणारं अहिफेन बसवलं. आणि मग साप आला, फेस आला, विष आलं. मुळात साप नाहीच त्यात. नुसता रस आहे."

"सर काय म्हणाले?"

"म्हणाले, 'तुझं बरोबर असेलही, पण नोंद बंद आहे.' मी म्हटलं, नियमासाठी चूक छापायची का? त्यावर म्हणाले, 'घरी जा.'"

"बरोबर असेलही असं म्हणाले?"

"हो. तेच तर! मला वाटलं होतं, खाऊन टाकतील."

गुंगीबाई तिथून काकूंकडे गेल्या. काकूंचा श्वास सकाळपासूनच वरखाली होत होता, त्यावरून काही ठरवण्यात अर्थ नव्हता.

"किल्ली तुमच्याकडे असते ना?"

"माझ्याकडे, सरांकडे आणि कार्यवाहांकडे. पण काल पोरगी गेली तेव्हा कपाट उघडंच होतं, म्हणजे तिलाही घेता आली असती," काकू म्हणाल्या. मग हळू आवाजात, "बाई, पण ती अशी नाही हो. रडून घेईल, भांडेल, चोरी नाही करायची. आणि चोरायचं तरी काय! सगळ्यांच्या चिठ्ठ्या होत्या त्यात. माझीसुद्धा होती. आमचे हे रविवारी लोळत पडले की मी म्हणते, 'अफूची गोळी घेतलीत का?' ते मी लिहून दिलं होतं. सरांनी ठेवलं जुडीत. मला केवढं भारी वाटलं."

"पूर्वीही अशा नोंदी हरवायच्या का?"

"हरवायच्या नाहीत. मोडायच्या! शिक्क्याचा नियम यायच्या आधी सर स्वतःच नोंद मोडायचे. पटली नाही की जुडी सोडली, ज्याची चिठ्ठी त्याला परत. सकाळी यावं तर आपली चिठ्ठी आपल्या ट्रेमध्ये! आता ही पोरगी, हे कार्यवाह, यांनी ते दिवस पाहिलेच नाहीत. सुखी आहेत."

इतक्यात ट्रेंच्या भिंतीकडून कार्यवाहांचा विजयी आवाज आला.

"सापडलं! या सगळे इकडे. तिच्या ट्रेमध्ये सापडलं!"

४

शेंडेफळाच्या ट्रेच्या तळाशी, तिच्या डब्याखाली, अफूच्या चिठ्ठ्यांचा छोटा गठ्ठा होता. ग्रीक, अरबी, जुन्या पोथ्यांतले उतारे. सगळं तिच्याच अक्षरात.

"मी... मी या इथे ठेवल्या नाहीत," ती म्हणाली. "काल या जुडीत होत्या."

"जुडी कुठे आहे मग?" कार्यवाह.

"मला माहीत नाही."

"आपले पुरावे तेवढे काढून घेतले आणि सरांची मुख्य चिठ्ठी नाहीशी केली. उद्या नव्या नोंदीला हेच पुरावे जोडायचे होते. मला वाईट वाटतं, पण दुसरं काय समजायचं?"

त्यांना वाईट वाटत होतं हे खरं होतं. गुंगीबाईंनी त्यांच्या श्वासाकडे पाहिलं होतं. हा माणूस कावेबाज नव्हता, नुसता नियमाने चालणारा होता, आणि ते जास्त अवघड असतं.

सर दारात उभे होते. बायको गेल्यापासून त्यांचा सदरा त्यांना मोठा झाला होता. ते म्हणाले, "ठराव नका मांडू. तिने घेतलेली नाही."

"कशावरून, सर?"

सरांनी श्वास धरला.

"मला खात्री आहे," ते म्हणाले. "नोंद नव्याने लिहू. त्यात काय एवढं."

गुंगीबाईंनी चमकून पाहिलं. शिक्का पडलेल्या नोंदीत कानामात्राही बदलू न देणारे हे सर! एकदा छपाईवाल्याने नमुन्याच्या पानात चुकून 'अंगठा'चा अर्थ आखडला, तर त्यांनी ते पूर्ण पान पुन्हा छापून घेतलं होतं. आणि आज म्हणतात, त्यात काय एवढं. पण सर त्यांच्याकडे बघायला तयार नव्हते. गेले कित्येक महिने ते बाईंची नजर टाळत होते. समोर आले की नमस्कार करून निघून जायचे.

बाईंना त्याचं कारण माहीत आहे असं वाटत होतं, आणि ते कारण त्यांना रोज थोडं थोडं खात होतं. सरांच्या पत्नीला, सगळ्यांच्या वहिनींना, शेवटच्या दुखण्यात हाडं पोखरणाऱ्या वेदना होत्या. बाईंनी मॉर्फिन सुचवलं तेव्हा सर ताडकन उठले होते. "अफूचा अर्क? माझ्या घरात?" त्या नावालाच ते घाबरले होते. वहिनी उशीचं टोक दातात धरून पडून राहायच्या आणि सर म्हणायचे, नको. शेवटी बाई त्यांच्यावर ओरडल्या होत्या. मग औषध सुरू झालं. पुढे काही आठवड्यांनी वहिनी गेल्या. आपण दिलेल्या औषधानेच त्या गेल्या असं सरांना वाटत असेल, म्हणून ते बोलत नाहीत, अशी बाईंची समजूत होती. पण विचारायचं कसं?

"सभा आता सुरू करू," कार्यवाह म्हणाले.

गुंगीबाई पिशवी उचलायला आपल्या ट्रेपाशी गेल्या. तिथे त्यांची मॉर्फिनची चिठ्ठी तशीच पडली होती. नापास झालेली. त्यांनी ती उचलली. तिच्या कोपऱ्याला भोक होतं, दोरा ओवण्याचं. म्हणजे ही नापास झालेली नव्हती. ही जुडीत होती.

"थांबा," त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की काकूंच्या हातातला चष्मा पडला. "सगळ्यांनी आपापले ट्रे उघडा. कार्यवाह, आधी तुम्ही."

५

"माझा? माझ्या ट्रेमध्ये काय असणार?" कार्यवाहांनी कुरकुरत ट्रे ओढला. त्यात नियमांच्या प्रती होत्या, दाढदुखीच्या गोळ्या होत्या, आणि सगळ्यांत खाली, त्यांच्याच वळणदार अक्षरातली चिठ्ठी. अफू बाळगण्याचा परवाना, कायद्यातला अर्थ.

कार्यवाहांनी ती उलटून पाहिली.

"अहो, मी नाही... म्हणजे हे इथे कुणी..."

"तुमच्या न्यायाने आता तुमच्याविरुद्ध ठराव मांडायला हवा," गुंगीबाई म्हणाल्या. "काकू, तुमचा."

काकूंनी ट्रे उपडाच केला. सुया, दोरे, बिस्किटाचा अर्धा पुडा, आणि त्यांची 'अफूची गोळी'. काकूंनी ती चिठ्ठी उचलून गालाला लावली.

"आता ऐका," बाई खुर्चीवर बसल्या. इस्पितळात मोठ्या शस्त्रक्रियेआधी त्या अशाच बसायच्या, आणि मग घाईत असलेले सर्जनही थांबत. "ज्याला या मुलीला अडकवायचं होतं त्याने पूर्ण जुडी तिच्या ट्रेमध्ये कोंबली असती. इथे तर प्रत्येकाला आपापली चिठ्ठी परत मिळाली आहे. चोर असं कधी करतो का? चोरीच्या गडबडीत कुणी सगळ्यांचं अक्षर ओळखून वाटप करत बसतं का? हे चोरी केलेल्या माणसाने केलेलं नाही. हे नोंद मोडणाऱ्या माणसाने केलंय. काकू, नोंद मोडली की काय करायचे म्हणालात?"

"ज्याची चिठ्ठी त्याला परत," काकूंच्या तोंडून निघालं, आणि त्यांनी लगेच तोंडावर हात ठेवला.

"ही पद्धत या मुलीने पाहिलेली नाही. कार्यवाहांनीही नाही. ती इथे दोघांनाच माहीत आहे, काकू आणि..." बाई थांबल्या. "काकूंना मी सोडलंय, आणि त्याचं कारण साधं आहे. सगळ्यांच्या चिठ्ठ्या आल्या. एकच आली नाही. मुख्य चिठ्ठी. ती सरांच्या हातची आहे. काकूंनी नोंद मोडली असती, तर सवयीने त्यांनी ती सरांच्या ट्रेमध्ये ठेवली असती. सरांच्या ट्रेमध्ये काय आहे?"

शेंडेफळाने जाऊन पाहिलं. "काही नाही. रिकामा आहे."

"म्हणजे ती चिठ्ठीसुद्धा ज्याची होती त्याच्याकडेच गेली आहे. फक्त ट्रेमध्ये ठेवायची गरज नव्हती. कारण वाटप करणारा तोच होता."

रस्त्यावरून भांड्यांना कल्हई लावणारा ओरडत गेला.

सरांनी सदऱ्याच्या वरच्या खिशात हात घातला आणि दुमडलेली चिठ्ठी बाहेर काढली. लाखेचा शिक्का तसाच होता. "फाडणार होतो," ते म्हणाले. "हात धजला नाही. आयुष्यात चिठ्ठी फाडलेली नाही मी."

६

कार्यवाहांनी खुर्ची शोधली आणि सापडेपर्यंत उभ्याउभ्याच बसल्यासारखे वाकले.

"पण सर, का? तुमचीच नोंद!"

"म्हणूनच," सर म्हणाले. त्यांनी चिठ्ठी उलगडली आणि वाचली. "'अफू. खसखशीच्या बोंडापासून काढलेले, बुद्धी व शरीर नासवून मनुष्याला कामातून घालवणारे विष.' बस. अर्थ म्हणून एवढंच. तरुण होतो, सगळं कळतं असं वाटत होतं. माझ्या एका चुलत्याचं या व्यसनापायी वाटोळं झालं होतं, तेवढंच डोळ्यांपुढे होतं. खोटं नाही ते. पण अर्धं आहे."

मग त्यांनी पहिल्यांदाच गुंगीबाईंकडे सरळ पाहिलं.

"बाई, ती तिकडे तळमळत होती आणि मी नको म्हणत होतो. का? तर माझ्याच हाताने लिहिलेला अर्थ मला खरा वाटत होता. तुम्ही ओरडलात म्हणून मी वळलो. त्याआधीचे दिवस तिने जे भोगलं ते या चिठ्ठीमुळे. हीच चिठ्ठी उद्या छापली जाणार. कुणाच्या तरी घरात कुणीतरी कोश उघडून बघणार, आणि माझ्यासारखंच नको म्हणणार. ते मला सहन होईना."

"मग सांगायचं होतंत!" कार्यवाह म्हणाले. "आम्ही काय नाही म्हणालो असतो?"

"नियम माझा. तो मीच मोडला तर उद्या कुणाला कोणत्या तोंडाने सांगू? आणि लाज वाटत होती, ते वेगळंच. काल ही पोरगी म्हणाली, नियमासाठी चूक छापायची का? रात्रभर तेच कानात घुमत होतं. सकाळी लवकर आलो, जुडी सोडली. वाटलं, गहाळ झाली म्हणतील आणि नव्याने लिहितील. हिच्यावर आळ येईल हे डोक्यातच आलं नाही. आल्यावर सभेत सांगणार होतो, पण तोंड उघडेना."

"सर," शेंडेफळ म्हणाली. तिचा आवाज आता ताठ नव्हता. "सकाळपासून मी चोर होते. बाबांना काय सांगायचं ते मनात जुळवत होते."

सरांनी तिच्यासमोर हात जोडले. नुसते जोडले नाहीत, तसेच ठेवले. "माझं चुकलं, पोरी. मोठा गुन्हा झाला माझ्याकडून. तू माफ केलंस तर तुझा मोठेपणा. नाही केलंस तरी मी समजून घेईन."

ती रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "हात खाली करा आधी. मला बघवत नाही."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण कार्यवाह कार्यवाहच होते. त्यांनी हळूच घसा साफ केला.

"अडचण एकच आहे. मुख्य चिठ्ठी गहाळ असेल तरच नोंद नव्याने लिहिता येते. चिठ्ठी तर सापडली. म्हणजे नियमाप्रमाणे नोंद... बंदच."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. काकूंनी तर अशा नजरेने पाहिलं की दुसरा असता तर जिना उतरून गेला असता. विषच छापलं जाणार होतं, आणि तेही शिक्क्यासकट.

कार्यवाहांनी हात पुढे केला. "बघू ती चिठ्ठी." त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली. चष्मा काढला, पुसला. "माझ्या थोरल्या भावाला शेवटी असंच दुखत होतं," ते म्हणाले. "त्याला कुणी हे दिलं नाही. कुणी आलंच नाही ओरडायला." मग त्यांनी चिठ्ठीची नीट घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकली. "सापडलेली वस्तू कार्यवाहाकडे जमा करायची असते, हाही नियमच आहे. आणि मी वस्तू कुठे ठेवतो ते मला आठवत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. परवा मी सभेचा शिक्का फळीवर ठेवून गावभर शोधत होतो. सहसंपादक, तुमच्याविरुद्धचा ठराव मी मागे घेतो, आणि तुमची माफी मागतो. आता लिहा. काकू, तोवर खंड थांबवून ठेवा."

"कधीच थांबवलाय," काकू म्हणाल्या.

७

टेबलाभोवती सगळे बसले. सर खुर्ची घेऊन शेजारी बसले, पण पेन शेंडेफळाच्या हातात दिलं.

"मूळ तू लिही. तुझं आहे."

तिने लिहिलं. मग वाचून दाखवलं. "'अरबी अफ्यून, ग्रीक ओपिऑन, मूळ अर्थ झाडाचा रस. संस्कृत अहिफेन हे परक्या शब्दाला नंतर दिलेले विद्वानांचे रूप. त्यावरून सापाच्या फेसाची समजूत.' सर, तुमचं मत पूर्ण काढून टाकलेलं नाही. लोक असं समजत होते, हेही कोशात हवं."

"हवंच," सर म्हणाले. "अर्थ?"

यावर बराच वेळ गेला. शेवटी सर सांगत गेले आणि ती लिहीत गेली. पहिला अर्थ, बोंडाला चीर दिल्यावर निघणारा व वाळून तपकिरी होणारा चीक. दुसरा, व्यसनाने माणसाला नासवणारा मादक पदार्थ. तिसरा, ज्यापासून मॉर्फिन करतात ते असह्य वेदना शमवणारे औषधी द्रव्य. गुंगीबाईंनी 'असह्य' शब्दाला हरकत घेतली. ज्याला सोसावं लागतं त्याने ती वेदना सहन केलेली असते, म्हणाल्या. सरांनी तो काढून 'तीव्र' घातला.

"दुसऱ्या अर्थाला काकूंची गोळी लावली," शेंडेफळ म्हणाली. काकूंनी टाळी वाजवली. "तिसऱ्याला वापराचं उदाहरण हवं. बोलण्यातलं किंवा छापलेलं. माझ्याकडे एकही नाही. सगळीकडे विषच आहे."

सर खाली बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्याकडे आहे एक. बोलण्यातलं. औषध सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बाई, तुम्ही येऊन गेल्यावर. मी तिला चहा दिला. तिने पूर्ण कप संपवला. त्याआधी कित्येक दिवस ती दोन घोट घेऊन कप बाजूला सारायची. मी तोपर्यंत तिच्यापासून लपवलं होतं की हे कशापासून करतात. त्या दिवशी सांगून टाकलं, की अगं, ही अफूच आहे. वाटलं, चिडेल. ती हसली. आणि म्हणाली..."

शेंडेफळाने पेन टेकवून ठेवलं होतं, पण घाई केली नाही.

"म्हणाली, 'ही अफू असेल तर अफूचं भलं होवो. आज मला चहाची चव लागली.'"

शेंडेफळाने ते जसंच्या तसं लिहिलं. पुढे कंसात, कुणाच्या तोंडून ऐकलं ते लिहायचं असतं. "काय लिहू?"

"लिही, संपादकांची पत्नी." सर म्हणाले. "आणि उदाहरण देणारे म्हणून माझं नाव नको लिहूस. डॉक्टरबाईंचं लिही. त्या नसत्या तर हे वाक्य कुणी बोललंच नसतं. बाई, इतके महिने तुमच्यासमोर यायचं धाडस होत नव्हतं. आभार मानायचे होते आणि ते कुठून सुरू करायचे तेच कळत नव्हतं. आज मानतो."

आयुष्यभर गुंगीबाईंनी दुसऱ्यांना झोपवलं होतं, आणि शुद्धीवर आल्यावर माणसं सर्जनचे आभार मानायची, भूल देणाऱ्याला कुणी ओळखतही नसे. त्याची त्यांना सवय होती. याची नव्हती. त्यांनी पदराने डोळे टिपले, आणि पुन्हा टिपले. शेवटी शेंडेफळाच्या हातातून कागद ओढून घेतला आणि ते वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं.

मग त्यांनी कागद सरांपुढे सरकवला आणि म्हणाल्या, "शिक्का मारा."

सरांनी लाख वितळवली आणि शिक्का मारला.